झीझीला पाणी: किती, कधी आणि कोणत्या ऋतूत?

ओली_सावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, कारण झाड डोळ्यांदेखत खंगत चाललंय.

माझ्याकडे तीन वर्षांपासून झीझी प्लांट आहे. आणलं तेव्हा चार दांड्या होत्या, आता नऊ आहेत. कुंडी प्लॅस्टिकची, आणि ती शोभेच्या एका चिनीमातीच्या कुंडीत ठेवलेली. जागा खिडकीपासून साधारण दोन मीटर आत. दर रविवारी एक मग पाणी हा नेम, तीन वर्षांत फारसा चुकलेला नाही. उन्हाळाभर झाड तुकतुकीत होतं, दोन नवे कोंबही आले.

गेला महिनाभर पावसाळी हवा आहे, धड ऊन म्हणून पडलेलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी मागच्या बाजूची एक दांडी पिवळी पडली. जुनी असेल म्हणून सोडून दिलं. मग आणखी दोन दांड्यांची पानं मलूल होऊन लोंबायला लागली. मला वाटलं तहानलंय, म्हणून रविवारबरोबर बुधवारीही पाणी द्यायला लागले. आज सकाळी त्यातली एक दांडी बुडाशी हलकेच दाबून पाहिली तर बोट आत गेलं. वरची साल शाबूत, आतला गर मात्र पाण्यासारखा.

सगळ्यात सोपं म्हणतात ते झाड माझ्याकडून कसं बिघडलं? पाणी कमी पडलं की जास्त झालं? आणि उन्हाळ्यात मानवलेलं तेच प्रमाण आता का मानवेना?

पाणवठा

जास्त झालंय. पाणी आत्तापासून पूर्ण बंद ठेवा, बाकी सगळं त्यानंतर.

तुमच्यासारखी फसगत पुष्कळांची होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. कुंडीत पाणी तुडुंब असतं, पण पानांपर्यंत काही पोचत नाही, आणि झाड वरून हुबेहूब तहानल्यासारखं दिसतं. आपण कळवळून आणखी पाणी घालतो, की उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून मलूल पान दिसलं तर निर्णय पानावरून घ्यायचा नाही, माती बघायची. माती कोरडीठाक आणि पान मलूल, तर तहान. माती ओली आणि पान मलूल, तर मुळं गेलेली.

दोन गोष्टी बघून सांगा. एक लाकडी काडी कुंडीच्या कडेने अगदी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. दुसरं म्हणजे आतली कुंडी उचलून चिनीमातीच्या कुंडीत काय आहे ते बघा.

ओली_सावली

बघितलं. काडी निम्म्याच्या वरपर्यंत काळपट ओली आली, टोकाला चिखल, आणि त्याला साचलेल्या डबक्यासारखा वास. वरची माती मात्र बोटाला कोरडी लागत होती, म्हणून तर मी निर्धास्त होते.

चिनीमातीच्या कुंडीत दोन बोटं पाणी निघालं. तिला खाली भोक नाही हे मला माहीत होतं, पण इतक्या महिन्यांत एकदाही आतली कुंडी उचलून पाहिली नाही. फार वाईट वाटतंय.

रानजाई

वाईट वाटून घेऊ नका, अजून हातातून गेलेलं नाही. एक विचारू? मागची दोन वर्षं याच नेमावर निभावलं, मग याच वर्षी काय बदललं? कुंडी बदललीत का? जागा?

ओली_सावली

हो, दोन्ही! उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या कुंडीत हलवलं, आधीच्या जवळपास दुप्पट. आणि मोठी कुंडी खिडकीत मावेना म्हणून आत सरकवली.

रानजाई

मग उलगडा झाला. आधीच्या कुंडीत मुळांनी माती गच्च भरलेली होती, शिवाय उजेडही होता. एक मग पाणी आठवड्यात संपत असणार. आता माती दुप्पट, पण पिणारी मुळं तेवढीच, आणि उजेड निम्म्याहूनही कमी. खिडकीपासून दोन मीटर आत उजेड किती झपाट्याने घटतो ते आपल्या डोळ्यांना कळत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. झाडाला ते जमत नाही. उन्हाळ्यातल्या गरमीने हे सगळं झाकून नेलं, आणि हवा दमट झाल्यावर उघडं पडलं.

पाणवठा

रानजाई यांनी नेमकं धरलं. आता करायचं काय ते सांगतो. उद्यावर टाकू नका.

कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर घ्या, दांड्या धरून ओढू नका. माती हातानेच झाडा, धुवायची गरज नाही. आत छोट्या बटाट्यांसारखे कंद दिसतील. प्रत्येक कंद दाबून बघा. टणक आणि फिकट असेल तो चांगला. मऊ, तपकिरी किंवा वास येणारा असेल तो काढायचा. अर्धाच बिघडला असेल तर स्वच्छ सुरीने कापत जा, आतला भाग सगळीकडे एकसारखा फिकट दिसेपर्यंत. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा, म्हणजे बिघाड पुढच्या कंदाला लागत नाही. मुळांचंही तसंच: चिमटीत धरल्यावर साल सुटून आत दोरा उरला, तर ते मूळ मेलेलं.

हातमोजे घाला. अळूच्या कुळातलं झाड आहे, रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कातडीला खाज सुटू शकते. मुलं किंवा मांजर असेल तर कापलेले तुकडे लगेच उचला.

मग कंद सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस उघडे ठेवा, काप सुकून खपली धरेपर्यंत. नवीन कुंडी कंदांच्या पसाऱ्यापेक्षा दोन-तीन सेंटीमीटरच मोठी, त्याहून नको. माती मोकळी: निम्मी नेहमीची कुंडीची माती, निम्मं परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), भरड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा. लावल्यावर किमान आठवडाभर पाणी द्यायचं नाही. झाड इतके दिवस कोरडं कसं राहील याची धास्ती वाटेल, पण कंदात साठा असतो, तो पुरतो.

कंदमूळ

या साठ्याबद्दल थोडं. झाडाचा स्वभाव एकदा कळला की पाण्याचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही, म्हणून लिहितेय. वनस्पतीशास्त्र शिकवते, लांबलं तर सांभाळून घ्या.

झीझी म्हणजे झामियोकल्कस झामिफोलिया. मूळची पूर्व आफ्रिकेतली, केनियापासून दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंत. 1829 साली तिचं पहिलं वर्णन झालं तेव्हा ती कॅलेडियम (अळूच्याच कुळातलं शोभेचं झाड) समजली गेली. आजचं नाव 1905 मध्ये एंगलर या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने दिलं. तिच्या मूळ प्रदेशात पाऊस ठरावीक महिन्यांत येतो आणि मग मोठा कोरडा काळ असतो. पाऊस असताना ती कंद भरून घेते आणि कोरड्या काळात त्यावर जगते. फारच ताण पडला तर पर्णिका (दांडीवरची छोटी पानं) गाळून टाकते आणि जमिनीखाली वाट बघते.

आपण ज्याला दांडी म्हणतो ते खोड नाहीच. ते अख्खं एक पान आहे: मधला जाड देठ आणि त्यावर दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या सहा-आठ जोड्या. खरं खोड म्हणजे मातीतला तो कंद. देठ बुडाशी फुगीर असतो, तिथेही पाणी साठलेलं असतं. म्हणूनच बिघाड आधी तिथे जाणवतो आणि ओली_सावली यांचं बोट नेमकं तिथेच आत गेलं.

दुसरी गोष्ट पानांतून हवा घेण्याची. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच वाटेने त्यांचं पाणी उडून जातं. स्नेक प्लांट आणि जेड ही झाडं छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, गार हवेत, म्हणजे पाणी कमी जातं. या पद्धतीला सीएएम म्हणतात. झीझीतही ती सौम्य प्रमाणात आहे आणि पाण्याचा ताण पडला की तिचा वाटा वाढतो, असं 2007 साली अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनीमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे झाड कोरडं पडलं की स्वतःच खर्च कमी करतं. जादा पाण्याच्या बाबतीत मात्र त्याच्याकडे अशी काही तजवीज नाही.

आणि मुळं कुजतात ती पाण्याने नव्हे, हवेअभावी. मुळांना प्राणवायू लागतो. तो पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, आणि मग पिथियमसारखे रोगकारक सूक्ष्मजीव आयती संधी साधतात.

शेवंती

चर्चा वाचतेय. पण माझा अनुभव वेगळा आहे. माझी झीझी पाच वर्षांची, दर आठवड्याला न चुकता अर्धी वाटी पाणी देते, बारा महिने. एकही पान पिवळं नाही. थोडं थोडं पाणी दिलं तर जास्त होण्याचा प्रश्नच येत नाही. मग कोरडं पडू द्या, भिजवा, काहीजण म्हणतात तसं कुंडी तोला, एवढा खटाटोप कशाला?

पाणवठा

शेवंतीताई, कुंडी कशाची, केवढी आणि ठेवलीय कुठे?

शेवंती

मातीची, एक वीत रुंद. पूर्वेच्या खिडकीत.

पाणवठा

तर मग अर्धी वाटी तिथे बरोबरच आहे. बिनझिलईची मातीची कुंडी आपल्या भिंतींतूनही पाणी सोडते, खिडकीत उजेड भरपूर, कुंडी लहान. तुमच्याकडे माती प्रत्येक आठवड्यात वाळत असणार. तेच प्रमाण प्लॅस्टिकच्या मोठ्या कुंडीत, काळोख्या कोपऱ्यात दिलं तर तळाला ओल साचत जाईल.

तरीही घोट-घोट पाण्याला माझी हरकत आहे. असं पाणी वरच्या दोन इंचांतच राहतं. खालची मुळं कोरडी राहतात, आणि पाण्यातले व खतातले क्षार कधीच धुऊन जात नाहीत. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसतेय का बघा. दिसत असेल तर एकदा भरपूर पाणी घालून खालून वाहू द्या.

शेवंती

पांढरी खपली आहे. मला वाटायचं मातीच्या कुंडीला ती येतेच. या रविवारी नीट भिजवून बघते. पण माझी वाटी मी अजून सोडलेली नाही बरं!

तराजू

वर तोलण्याचा उल्लेख आला म्हणून माझी पद्धत सांगतो. मी चार वर्षं काटा वापरतोय आणि माझ्यापुरता प्रश्न मिटलाय.

पाण्याचं एक मिलिलीटर म्हणजे एक ग्रॅम. बाकी कुंडी, माती, झाड यांचं वजन महिन्याभरात जवळपास बदलत नाही. म्हणजे वजनात जी घट होते ती पाण्याचीच. माझ्या झीझीची कुंडी पूर्ण कोरडी असताना 2140 ग्रॅम भरते. भरपूर पाणी घालून, अर्धा तास निथळू दिल्यावर 2890. म्हणजे माती 750 मिलिलीटर पाणी धरून ठेवते. कुंडी 2190 च्या आसपास आली की मी पुन्हा पाणी देतो.

आता ऋतूंचा फरक बघा. कडक उन्हाळ्यात, खिडकी उघडी असताना, रोज साधारण 45 ग्रॅम घट होते. म्हणजे पंधरा-सोळा दिवसांनी पाणी. थंडीत त्याच जागी रोज जेमतेम 14 ग्रॅम, म्हणजे पन्नास दिवस. दमट पावसाळी दिवसांत आकडा थंडीच्या जवळ जातो. हवा कोमट असली तरी तिच्यातच इतकं पाणी असतं की मातीतलं उडायला जागा नसते, शिवाय ढगांमुळे उजेड कमी. माझे आकडे तुमच्या कुंडीला लागू होणार नाहीत, पण हे प्रमाण पाहा: एकच झाड, एकच कुंडी, एकच जागा, आणि अंतर तिप्पट. दर रविवारचा नेम यात बसणार कसा?

काटा नसेल तर हातही चालतो. पाणी देऊन निथळलेली कुंडी उचला, वजन लक्षात ठेवा. रोज जाता-येता एकदा उचला. महिन्याभरात हाताला कळायला लागतं.

मातीत खुपसायचे स्वस्त ओलावामापक मी तीन वापरले. ते मुळात मातीची विद्युतवाहकता मोजतात. खत जास्त असेल तर कोरडी मातीही ओली दाखवतात, आणि परलाइट जास्त असेल तर ओली माती कोरडी. लाकडी काडीवर माझा जास्त भरवसा आहे.

बर्फाळ_खिडकी

आमच्याकडे हिवाळा सहा महिने, म्हणून थंडीबद्दल मी भर घालते.

इथे नव्याने आलेले लोक एक चूक हमखास करतात. हीटर चालू असतो, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. मग वाटतं झाडालाही तहान लागली असेल. वरची माती खरोखर भराभर वाळते, ते बघून पाणी घातलं जातं. पण दिवस सात-आठ तासांचा, सूर्य क्षितिजाला टेकलेला. झाड वाढतच नसतं, तर पाणी पिणार किती? वर कोरडं आणि खाली चिखल, अशी कुंडी मी दोन वेळा गमावलीय.

दुसरं म्हणजे खिडकीचा कट्टा. खोली 20 अंश असली तरी रात्री काचेजवळ 10 च्या खाली जातं. झीझी 15 अंशांखाली जवळजवळ थांबते आणि 10 च्या खाली इजा होऊ शकते. गार आणि ओली माती एकत्र आली तर मुळांचं काही खरं नाही. मी नोव्हेंबरमध्ये कुंडी काचेपासून हातभर आत घेते, खाली लाकडी फळी ठेवते, आणि पाणी खोलीच्या तापमानाचं, थेट नळाचं कधीच नाही. पूर्ण हिवाळ्यात दोनदा, फार तर तीनदा पाणी. खत अजिबात नाही.

पानांवर फवारा मारून काही साधत नाही. त्यापेक्षा ओल्या फडक्याने धूळ पुसा, पानाला उजेड तरी मिळेल.

ओली_सावली

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि आज हिंमत करून झाड काढलं.

पाच कंद निघाले. दोन पूर्ण गेलेले, हातात घेतल्याबरोबर साल सरकली आणि आतून तपकिरी पाणी आलं. तिसरा अर्धा. तो चकत्या कापाव्यात तसा कापत गेले. पहिल्या कापाला मधोमध चहाच्या डागासारखं वर्तुळ, दुसऱ्याला ते लहान, तिसऱ्याला ठिपका, चौथ्याला स्वच्छ फिकट पिवळा गर. तिथे थांबले. उरलेले दोन टणक आहेत, इतके की नख रुतत नाही. नऊपैकी पाच दांड्या राहिल्या.

तळाशी मी निचऱ्यासाठी दोन इंच खडे घातले होते. तरीही खडे आणि मातीच्या सीमेवरच सगळ्यात जास्त चिखल होता. असं का?

कंदमूळ

खड्यांचा हा गैरसमज फार जुना आहे. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही, कारण मातीच्या बारीक फटी त्याला धरून ठेवतात. वरची माती पूर्ण भरल्याशिवाय ते खाली येत नाही. म्हणजे कुंडीच्या तळाला जो पाण्याने गच्च भरलेला थर राहतो, तो खड्यांमुळे जात नाही, नुसता वर सरकतो. मुळांच्या अधिकच जवळ.

घरच्या घरी बघा. एक स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच उभा धरा. पुन्हा पाणी ठिबकेल. उंची वाढली की कमी पाणी धरलं जातं. खडे घालून तुम्ही मातीची उंची कमी करता, म्हणजे स्पंज आडवा करता. भोकावर जाळीचा किंवा कापडाचा तुकडा पुरे, आणि जे काही भरड घालायचं ते मातीतच सगळीकडे मिसळा.

पानगळ

अवांतराबद्दल क्षमस्व. हेच सगळं स्नेक प्लांट आणि जेडलाही लागू का?

रानजाई

मूळ नियम तोच, माती तळापर्यंत वाळली की भरपूर द्या आणि निथळू द्या. बारकावे वेगळे. स्नेक प्लांटला पाणी पानांच्या मधल्या खोबणीत पडू देऊ नका, तिथे साचून बुडखा कुजतो. कडेने मातीवरच घाला. जेडचं बरं असतं, तिची पानं बोलतात. भरलेलं पान टणक आणि फुगीर असतं, तहान लागली की किंचित सुरकुततं आणि चिमटीत दबतं. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा ताठ. पण पान मऊ, पिवळट आणि पारदर्शक दिसलं तर ते पाणी जास्त झाल्याचं. जेडला उजेडही या दोघींपेक्षा बराच जास्त लागतो.

झीझीची पानं इतक्या लवकर काही सांगत नाहीत. तिचं दिसायला लागेपर्यंत आत बरंच झालेलं असतं. म्हणून तिच्या बाबतीत काडी आणि वजन.

पानगळ

आभार, रानजाई. मातीवर बारीक काळ्या चिलटांसारख्या माश्या उडतात, त्याही पाण्यामुळेच का?

रानजाई

हो. त्यांच्या अळ्या सतत ओल्या असलेल्या वरच्या थरात वाढतात. माती नीट वाळू द्या, बऱ्याचशा आपोआप जातील.

ओली_सावली

धागा वर काढतेय, जवळपास पाच महिन्यांनी. आता थंडी आहे.

पाच दांड्यांपैकी एक लावल्यानंतर पिवळी होऊन गेली, चार राहिल्या. कुंडी लहान आणि मातीची घेतली, बाहेरची चिनीमातीची काढून टाकली, जागा खिडकीपासून हातभर. काटा आणला. कोरडी 1320, भिजलेली 1710. पण दिवसाला सात-आठ ग्रॅमच घट होतेय. शेवटचं पाणी देऊन सहा आठवडे झाले आणि कुंडी अजून 1400 वर आहे. रोज सकाळी हात मगाकडे जातो. नवीन कोंब एकही नाही. खरंच इतके दिवस थांबायचं?

तराजू

1400 म्हणजे अजून 80 मिलिलीटर शिल्लक. आठ-दहा दिवस आहेत. थांबा.

बर्फाळ_खिडकी

थंडीत कोंब नसणं हे आजाराचं लक्षण नाही. दांड्या ताठ आहेत ना? बुडाशी दाबून टणक लागतात ना? मग झाड ठीक आहे. या दिवसांत चार दिवस उशीर झाला तर झाडाचं काही बिघडत नाही, चार दिवस घाई झाली तर बिघडतं.

ओली_सावली

दांड्या टणक आहेत. थांबते.

कंदमूळ

देठावर काळपट तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नका, ते या झाडाचे नेहमीचे असतात. ठिपका दाबून पाहा, खालचा भाग टणक असेल तर काळजी नाही.

ओली_सावली

उन्हाळा सुरू झाला म्हणून पुन्हा लिहितेय, बातमी चांगली आहे! मधल्या दांडीच्या बुडाशी हिरवं टोक आलं. आठ दिवसांत ते बोटभर झालं, पर्णिका अजून एकमेकींना चिकटलेल्या, घट्ट मिटलेल्या, रंग कोवळा पोपटी.

कुंडी आता रोज 25 ग्रॅमने हलकी होते, म्हणून पंधरवड्याच्या आतच पाणी द्यावं लागलं. पण एक अडचण आली. पाणी घातलं तर ते क्षणात खालून वाहून गेलं, आणि तोललं तर वजन फक्त 90 ग्रॅमने वाढलेलं. माती पाणी घेईना झालीय.

पाणवठा

कोंबाबद्दल मनापासून आनंद झाला!

माती पूर्ण वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मधला गोळा कोरडाच राहतो. मातीत पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) असेल तर ते वाळल्यावर पाणी झिडकारतंही. उन्हाळ्यात झाड वाळलं म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींमागे हे कारण असतं. लोक सांगतात दर आठवड्याला पाणी घालतो, आणि खरोखर घालतातही, पण ते मुळांपर्यंत पोचलेलं नसतं.

उपाय असा. पसरट भांड्यात चार बोटं पाणी घेऊन कुंडी त्यात अर्धा तास ठेवा. पाणी खालून चढेल. वरची माती ओलसर दिसली की काढा, निथळू द्या, मग तोला. 1700 च्या जवळ आली पाहिजे. पुढच्या वेळी वरून घालताना एकदम ओतू नका. थोडं घाला, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं. क्षार साचू नयेत म्हणून वरूनच घालणं चांगलं, खालून फक्त माती रुसली तर.

कोंब कोवळा आहे तोवर कुंडी फिरवू नका आणि थेट दुपारच्या उन्हात ठेवू नका, पर्णिका करपतात. खत द्यायचं तर आता, पातळ करून, आणि ओल्या मातीतच.

शेवंती

मीही कळवायचं राहून गेलं होतं. त्या वेळी कुंडी भरपूर भिजवली, खालून निघालेलं पाणी चहासारखं तपकिरी होतं. तीन वेळा तसं केल्यावर खपली कमी झाली. आता आठवड्याची वाटी बंद केलीय. काडी घालून बघते, कोरडी आली की पोटभर देते. थंडीत पाच आठवडे गेले मधे. झाड आधीही चांगलं होतं, पण या वर्षी एकदम तीन कोंब आले, पूर्वी वर्षाला एखादाच यायचा.

ओली_सावली

पाणवठा, तसंच केलं. अर्ध्या तासाने 1695 भरली.

आणखी एक. पावसाळ्यात कंद काढले तेव्हा गळून पडलेल्या पर्णिकांपैकी सहा मी एका छोट्या कुंडीत, देठाकडचं टोक जेमतेम मातीत जाईल अशा खोचून ठेवल्या होत्या. त्यांना महिन्यातून एकदा चमचाभर पाणी, बाकी काही नाही. दोन वाळल्या. आज एक हलकेच उपटून पाहिली तर टोकाला मुगाच्या दाण्याएवढा पिवळसर कंद आणि दोन पांढरी मुळं. कोंबाचा अजून पत्ता नाही. हिला मोठ्या झाडाबरोबरच पाणी वाढवू का?

कंदमूळ

नको. पर्णिकेपासून कोंब वर यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. तोवर ती सगळी शक्ती कंद भरायला लावते. मुळं दोनच आहेत, ती पिणार तरी किती. माती तळापर्यंत वाळली की दोन चमचे द्या, आणि पुन्हा उपटून बघू नका. कंद वाढतोय की नाही ते पर्णिकेवरून कळेल: ती हिरवी आणि ताठ आहे तोवर खाली काम चालू आहे.

ओली_सावली

बरं. परत खोचून ठेवली, काठावर आजची तारीख लिहून.